मागची काडी

बसा! आन इस्वास ठेवून दाखवा माझ्या एका तरी शब्दावर, न्हाईच ठेवणार! जळकोटची वाट विचारली ना? सांगते की, वाट काय पळून चालली का... आधी हे ऐका. समोरच्या शाळंत पोरांला भूमिती कुणी शिकवली? मी! चौथीतनं पळालेल्या केवळाबाईनं! हसा, हसा.

भार्गवी म्याडम हाय तिथं, लातूरची, गुणाची पोरगी. तिनं ट्याब आणला, त्यात रंगीत डबा गरागरा फिरतो. 'मुलांनो, हा घन. मागची कड कुठे आहे सांगा?' आमच्या गल्लीतली राजकन्या, त्याच वर्गातली पोर, उठली, ट्याब उचलला, उलटा केला... 'म्याडम, मागं तर कंपनीचं नाव हाय!'

मी खिडकीतून बघून राहिले होते. दुसरं काम काय मला? मालक गेले, लेक नांदेडला, त्याचा फोन ऐतवारी. मी म्हटलं म्याडम, थांबा! ज्वारीचा धांडा सोलला, आतल्या पांढऱ्या भेंडाचे आठ तुकडे, वरच्या सालाच्या काड्या, खुपसल्या एकात एक, झाला डबा उभा! ल्हानपणी गाड्या करत होतो की अशाच. पोरं बोट आत घालून मागची कड चाचपू लागली, म्याडमचं तोंड उघडंच!

पण तुमाला सांगते, कुणाला सांगू नका... डब्याला काड्या लागतात बारा. मी लावल्या अकरा. काडी एक कमी!

का म्हंजे? दुपारी राजकन्या दारात हजर, मागं सात पोरं! 'आज्जी, काडी गळाली वाटतं.' अगं बाई, गळाली का? बसा, शेंगा खा, शोधते... एका काडीला तास लावला मी! दुसऱ्या दिवशी टोकदार देवळासारखा केला, त्याला आठ लागतात, दिल्या सात. काडी एक कमी! म्हैनाभर घर नुसतं भरलेलं, काय कालवा, काय कालवा!

मग म्याडम आली. हळूच म्हणती, 'आज्जी, मोजता येत नाही का हो तुम्हाला?' म्हटलं, न्हाई ओ माय, अडाणी बाई. हसली. वळखलं होतं तिनं! आन केलं काय? माझ्याच डब्यावर परीक्षा लावली! 'डबा एकदा बघा, डोळे मिटा, मनात फिरवा, कुठली काडी नाही सांगा.' आन पोरं सांगाया लागली ओ! 'मागची खालची!' 'डावी वरची!' फटाफट! ट्याबातला डबा कसाबी फिरवा, मागची कड सांगतात!

राजकन्या पळत आली, गळ्यातच पडली. 'आज्जी, आता तुला तरास न्हाई! काडी आमीच वळखतो, आमीच बसवतो!'

हाव गं बाई, म्हटलं. लई हुशार झाली.

बारा दिस झाले. शेंगा तशाच हायेत सुपात. हुशार कुणी करायला सांगितलं होतं मला?

जाऊ द्या... ते पिंपळाचं झाड दिसतंय ना, तिथनं डावीकडं, सरळ जळकोट. आन हा डबा घ्या, तुमच्या लेकराला. अहो, इथं काय मोजून राहिले? घरी जाऊन मोजा! उठा, जा आता!