केळं म्हणणारी मुलगी

टप्प.

जाड कार्ड लाकडी टेबलावर पालथं पडल्याचा तो आवाज. सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, वाचनालयाचे आजी-माजी सभासद आणि जागा न मिळाल्यानं मागे उभे असलेले स्नेही, याच सभागृहात चौतीस वर्षं तो आवाज घुमला. तो ऐकला की प्रश्नमंजूषेतल्या स्पर्धकांच्या छातीत ऑक्टोपससारखी तीन-तीन हृदयं धडधडत. ज्यांच्या बोटांतून तो निघायचा, त्या आपल्या प्रश्नमास्तरांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत. आणि मास्तरांचीच खुर्ची रिकामी आहे.

अध्यक्षबाई मघाशी माझ्या कानात म्हणाल्या, "तुम्ही सुरू करा हो, कुठंतरी अडकले असतील." बाई, ते अडकलेले नाहीत. ते का आले नाहीत हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगितल्याशिवाय गौरवाचा एक शब्दही माझ्या तोंडून निघणार नाही.

मास्तर वर्षभर वहीत प्रश्न टिपायचे. इतिहासातलं सर्वांत लहान युद्ध किती वेळ चाललं? पाऊण तासही नाही. मुके चित्रपट खरंच मुके होते का? नाही, पडद्याशेजारी वादक बसलेले असत. असे शेकडो. मग वही माझ्याकडे यायची. मी भाषेचा शिक्षक, फळ्यावर कविता उतरवण्यात हयात गेलेली, अक्षर बरं. कार्डाच्या पुढे प्रश्न, मागे उत्तर, असं मी लिहून द्यायचो. नियम एकच, मास्तरांनीच घातलेला: कार्ड बोलेल ते अंतिम. प्रत्यक्ष मास्तरांनाही त्यावर अपील नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीची अंतिम फेरी इथं काहींना आठवत असेल. शेवटचा प्रश्न होता: वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं खरी बेरी कोणती, स्ट्रॉबेरी की केळं? कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांची मुलगी उभी राहिली. तेरा वर्षांची, दोन वेण्या, फ्रॉकला पिठाचा डाग. म्हणाली, "केळं. कारण स्ट्रॉबेरीचं बी..."

टप्प. "स्ट्रॉबेरी," मास्तरांनी वाचलं.

मंडळी, तुम्ही किती हसलात ते मी ऐकलं आहे, कारण मीही हसत होतो. हसून हसून चष्मा पुसावा लागला मला. पुढे महिनाभर पोरं बेकरीत जाऊन विचारायची, "काका, केळं आहे का?" एक दिवस तिचे वडील वाचनालयात आले, तिचं सभासद-कार्ड टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "बंद करा हे. पोरगी पुस्तकाला हात लावत नाही आता." पुढे बेकरीही गेली, ती माणसंही गाव सोडून गेली.

परवा या समारंभात मांडायला म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. ते पान उघडलं. मास्तरांच्या हातचं उत्तर होतं: केळं.

मी पान पुन्हा वाचलं. आणि मला सगळं आठवलं. कार्ड लिहिताना मला वाटलं, मास्तरांना डुलकी लागली असणार. ज्याच्या नावातच बेरी, ते बेरी नाही असं कसं होईल? कवितेच्या माणसाचा नावावर फार भरवसा हो. मी न विचारता उत्तर सुधारलं, वर उपकार केल्याच्या थाटात.

आज सकाळी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. बसला मलाच.

"मास्तर, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कार्ड वाचलं त्याच क्षणी."

"मग बोलला का नाहीत?"

"नाव तुमचं घ्यावं लागलं असतं, हे एक. पण ते निमित्त झालं." चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "सभागृह हसलं, तेव्हा मीपण हसलो. ती माझ्याकडे बघत होती. त्यानंतर बोलायला तोंड कुठलं?"

चपला घालून ते निघाले. वहिनी मागून ओरडल्या, "अहो, संध्याकाळी सत्कार आहे!" वळून म्हणाले, "तुम्ही उरकून घ्या."

आता सांगा, ज्याला चौतीस वर्षांत एक प्रश्न अडला नाही, त्या माणसाला सत्तावीस वर्षं एक उत्तर देता येऊ नये? आणि त्याला दोष देणारा मी कोण? चुकीचं उत्तर माझ्या अक्षरात आहे. त्या साली चषक दिला गेला तो चुकीच्या हाती, आणि जिला हसलो ती एकटीच बरोबर होती. हे आज या व्यासपीठावरून नोंदवून घ्यावं, एवढीच अध्यक्षबाईंना विनंती.

तुम्ही शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर क्षमा करा. जे सत्तावीस वर्षांपूर्वी झालं त्याची क्षमा मात्र तुमच्याकडे मागून उपयोग नाही, ती ज्यांच्याकडे...

मागे दारापाशी कोण आहे? जरा वाट द्या हो त्यांना. मास्तर? या ना, असे उंबऱ्यातच का उभे? धुळीनं पार माखलात की. आणि तुमच्यामागे या बाई... चाळिशीच्या दिसताहेत...

मास्तर मान हलवताहेत. हो म्हणताहेत.

बाई, या. इथं वर या. मी बाजूला होतो, माईक घ्या. स्ट्रॉबेरीच्या बीचं काय म्हणत होतात तुम्ही?