गुरुवारचा थालीपीठवाला

मंडळी, ऐका. मागच्यांनी जरा पुढे सरका. पुढची सतरंजी रिकामी आणि खांबाला टेकायला भांडणं, ही हौस मला कधी कळली नाही! बसलात? मग एक विचारतो, खरं सांगायचं.

वाईट बातमी आली — तर ती सगळ्यात आधी कुणाला सांगावी?

हं? बायकोला? त्या काकांनी बायकोला म्हटलं आणि काकूंनी मान कशी फिरवली, ते मी इथून पाहिलं! मित्राला? देवाला? देवाला काय सांगायचं, त्याला ठाऊकच असतं. राहू द्या. उत्तर मी नाही देत, आमचे गुलाबराव टाव्हरे देतील.

आता हे गुलाबराव कोण? भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला. पत्रा ठेवायचा, बटण दाबायचं — धाड! पुन्हा पत्रा, पुन्हा बटण — धाड! आमच्या मृदंगाच्या बुवांनी सुद्धा इतकी वर्षं एकच ठेका धरला नसेल! आणि तिथला नियम एकच. मशीन सोडून जायचं नाही. काही झालं तरी जागा सोडायची नाही. हा नियम लक्षात ठेवा मंडळी, पुढे हाच माणसाला नडणार आहे.

तिकडे आठवड्याची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आणि गुरुवार कुणाचा? दत्तगुरूंचा! गल्लीच्या टोकाला दत्ताचं देऊळ, बाहेर औदुंबर. त्या औदुंबराखाली दर गुरुवारी गुलाबरावांची हातगाडी उभी राहायची. उपवासाचं थालीपीठ! बायको रंजना घरी साबुदाणा, भगर, राजगिरा भाजून भाजणी दळायची. हे ती ताकात भिजवायचे, तव्यावर थापायचे, वर तूप सोडायचे, बाजूला दह्यातली शेंगदाण्याची चटणी. वास आरतीच्या आधी गाभाऱ्यात पोचायचा! आरती चालू, टाळ्या चालू, आणि डोळे सगळ्यांचे बाहेर. आपलं उपवासाचं तर तुम्हाला माहीतच आहे. घरी दोन पोळ्यांवर उठणारा माणूस त्या दिवशी चार थालीपिठं खातो आणि वर म्हणतो, आज पोटाला जरा विश्रांती दिली!

गंमत बघा, थालीपीठ उपवासाचं, पण रंजनाचा आणि उपवासाचा छत्तीसचा आकडा. चहा चुकला तरी तिचं डोकं धरायचं. घरात उपवास करणारी एकच, गुलाबरावांची आई, सोनाबाई. ती मात्र सगळ्यांची कसर भरून काढायची. सोमवार धरलेला, मंगळवार धरलेला, गुरुवार, शुक्रवार, शनिवार धरलेला, रविवार खंडोबाचा! घरातले हसायचे. गुलाबराव म्हणायचे, आई, एखादा देव उपाशी ठेवत जा, तू खात जा. म्हातारी आपलं वेगळं पातेलं, वेगळा डबा सांभाळून कोपऱ्यात आपलं आपण करून खायची. काय खाते, काय टाळते, कुणी कधी पाहिलं नाही. आपण तरी पाहतो का?

तर असं सगळं बेस चाललेलं. आणि गणपती गावाला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी साहेबांनी गुलाबरावांना केबिनमध्ये बोलावलं. बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. मंडळी, ज्या साहेबानं आयुष्यात कधी पाणी विचारलं नाही तो चहा मागवतो, तेव्हा माणसानं ओळखावं! साहेब म्हणाले, नवीन मशीन येतंय, ते आपलं आपण चालतं, त्याला माणूस लागत नाही. तुमच्या कामाबद्दल तक्रार काहीच नाही. तक्रार नाही आणि काम पण नाही! गुलाबरावांनी चहा संपवला. गरम होता म्हणून हळूहळू संपवला. मग प्रेसजवळ जाऊन तिला एकदा हात लावला आणि बाहेर पडले.

रंजनाला त्यांनी घरी शिरता शिरताच सांगितलं. आईला? आईला नाही सांगितलं. का? तर ज्या दिवशी नोकरी पक्की झाली त्या दिवशी सोनाबाईनं गल्लीत दारोदार पेढे वाटले होते. मुलाचं कंपनीतलं पहिलं ओळखपत्र देव्हाऱ्यात ठेवलं होतं, गणपतीच्या शेजारी! फोटोतल्या पोराच्या कपाळाला रोज हळदकुंकू. आता त्या आईला काय सांगणार? गुलाबरावांना वाटलं, म्हातारी खचेल. मग काय — रोज सकाळी कंपनीचा निळा शर्ट घालायचा, आईच्या पाया पडायचं, डबा उचलायचा आणि कामाला निघायचं. कुठल्या कामाला? दत्ताच्या देवळात! पुजारी वामनकाकांच्या खोलीत शर्ट बदलायचा आणि संध्याकाळपर्यंत औदुंबराखाली बसायचं. गाडी देवळामागंच उभी असायची आणि गुडघ्यांमुळे आईचं बाहेर पडणं बंद, त्यामुळे तिला पत्ता नाही.

इकडे रंजनाचा भाऊ पोपट, गुजरातेत वापीला एका कारखान्यात. त्याचा फोन आला. दाजी, इथं कंत्राटावर जागा आहे, दसऱ्याला मी गावाकडं येतोय, जाताना तुम्हाला घेऊनच जातो. आता वापी म्हणजे काय, घर सोडणं आलं. रंजना इथं, आई इथं, आणि हा माणूस तिकडं पत्र्याच्या खोलीत स्टोव्हवर भात शिजवणार. रंजना म्हणाली, दसऱ्यापर्यंत वेळ आहे ना? तोवर गाडी रोज लावून बघा. रोजचं चाललं तर पोपटला नाही म्हणू.

झालं! सोमवारी गाडी लावली. एक गिऱ्हाईक नाही. मंगळवारी लावली, एक कुत्रं आलं. बुधवारी तेच कुत्रं पुन्हा आलं, ओळख झाली म्हणून! गुरुवारी नेहमीसारखी झुंबड. शुक्रवारी पुन्हा शुकशुकाट. पण गुलाबराव हलले का? छे! जागा सोडायची नाही. मशीन सोडून जायचं नाही. हाताला काम नाही तरी पाय तिथंच खिळलेले.

शेवटी वामनकाकांना राहवेना. गाभाऱ्यातून बाहेर येऊन म्हणाले, "अरे गुलाब, माझ्या देवाकडं लोक गुरुवारी येतात. बाकीचे दिवस मी आणि तो, दोघंच असतो. तुझ्या गाडीला चाकं कशाला लावलीत मग?"

चाकं! हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. पुढच्या सोमवारी गाडी निघाली महादेवाच्या देवळाकडं. थालीपिठं संपली! मंगळवारी गणपतीच्या देवळाबाहेर, तिथंही संपली! गुलाबराव शीळ घालत घरी आले. रंजनाला म्हणाले, कळ सापडली. अगं, वार बदलला की देव बदलायचा, इतकं सोपं! ते कुत्रं मात्र मंगळवारभर औदुंबराखाली वाट बघत बसलं असणार.

आणि आला शुक्रवार. रंजना माहेरी पितरांच्या जेवणाला गेलेली. गुलाबरावांनी एकट्यांनीच गाडी काढली आणि थेट देवीच्या देवळासमोर उभी केली. बायकांची ही गर्दी! एक बाई पुढे आल्या, हातात ओटीचं ताट, चेहरा सुकलेला. म्हणाल्या, भाऊ, कधीपासून शुक्रवार करतेय, मुलीच्या तब्येतीसाठी, आज फार गळून गेल्यासारखं झालंय, गरम काहीतरी द्या. गुलाबरावांनी झकास थालीपीठ दिलं. वर चटणी जरा जास्तच घातली, प्रेमानं. बाईंनी घास मोडला, तोंडाजवळ नेला...

बायकांनो, तुम्ही आत्ताच कपाळाला हात लावलात! पुरुष मंडळी बघा कशी बघताहेत, काय झालं, काय झालं करून. अहो, शुक्रवारचं व्रत! आंबट चालत नाही! हात लावायचा नाही, घरात आणायचं नाही! आणि आमच्या गुलाबरावांनी पीठ भिजवलंय ताकात, चटणी केलीय दह्यात!

वास आला आणि बाईंचा हात तिथंच थांबला. घास ताटलीत पडला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजूच्या बायकांनी एकेक करून ताटल्या गाडीवर परत ठेवल्या. आरडाओरडा कुणी केला नाही. केला असता तर बरं वाटलं असतं. फक्त एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "काय रे बाबा, तुझ्या घरात उपवास करणारं बाईमाणूस नाही का कुणी?"

मंडळी, हे वाक्य गुलाबरावांच्या काळजात रुतलं. आहे की! सहा वार धरणारी आई घरात आहे. आणि तिला विचारायचं कसं? तिच्या हिशेबी तर आपण या घटकेला प्रेसवर आहोत!

भरलेली गाडी ढकलत ते घरी आले. मनात ठरवलं, आपला हा धंदा नव्हे, गाठावी वापी. दारात आले तर सोनाबाई ओट्यावर बसलेली. भर दुपारी पोरगा घरी, आणि अंगावर निळा शर्ट नाही! काहीतरी करायचं म्हणून त्यांनी एक थालीपीठ ताटलीत घेतलं आणि आईपुढं धरलं. म्हणाले, खा गं, तुझा उपवास असेल ना.

म्हातारीनं ताटली नाकाशी नेली आणि बाजूला सारली. म्हणाली, "शुक्रवारी आंबट? इतकी वर्षं माझ्या ताटात कधी बघितलंस?"

आणि मंडळी, तो बाप्या माणूस तिथंच ओट्यावर बसून रडायला लागला. सगळं सांगून टाकलं. साहेबाचा चहा, निळा शर्ट, वामनकाकांची खोली, देवीपुढची ती बाई, वापी, सगळं. सांगून झालं तेव्हा वाटलं, आता आई खचणार.

खचली का? अहो, कडाडली! म्हणाली, "कंपनी गेली तर गेली. पण पेढे वाटायच्या वेळी मी तुझी आई, आणि वाईट सांगायच्या वेळी कोण, शेजारीण?"

गुलाबरावांनी मान खाली घातली. मग आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि लागली की बोलायला! सोमवारी महादेवाकडच्या बायका पुष्कळ जणी अळणी खातात, त्यांचा गोळा वेगळा काढ. शुक्रवारी ताक घराबाहेर ठेव, काकडी किसून तिच्या पाण्यात भिजव, चटणीऐवजी गूळतूप दे. शनिवारी मारुतीकडं तालमीतली पोरं येतात, त्यांना जाड थाप. रविवारी खंडोबाच्या टेकडीवर लोक चढून दमलेले असतात, लोणी लाव. ज्या उपवासांना घर इतकी वर्षं हसलं, ते उपवास आज घराच्या कामाला आले. गुलाबरावांनी भीत भीत विचारलं, आणि बुधवार? म्हातारी म्हणाली, बुधवार पांडुरंगाचा, तो कुणाला उपाशी ठेवत नाही. त्या दिवशी भाजणी दळायची आणि माझ्यासमोर बसून घरचं जेवायचं.

पुढचा शुक्रवार आला तो नवरात्रातला. देवीपुढं गर्दी मावेना. पण गुलाबरावांची गाडी दिसली की बायका बाजूनं निघून जायच्या. ताकवाला, ताकवाला, अशी कुजबुज झालेली. गुलाबराव तव्यापाशी घामाघूम. तेवढ्यात रिक्षा थांबली. आतून आधी काठी आली, मग रंजनाचा हात धरून सोनाबाई आली. स्टूल मागवलं, गाडीपुढं बसली आणि गर्दीतून बरोबर त्या मागच्या शुक्रवारच्या बाईंना हाक मारली. गुलाबरावांनी खुणेनं दाखवून दिलं होतं.

"पोरी, हा माझा मुलगा. चुकला, कारण त्यानं मला विचारलं नाही. आज विचारून केलंय. माझाही शुक्रवार आहे. आधी मी खाते, मग तू ठरव."

आणि तिथं, सगळ्यांदेखत, म्हातारीनं सावकाश, दातांनी जमेल तसं, अख्खं थालीपीठ खाल्लं. शेवटचा घास गुळाला लावून तोंडात टाकला. त्या बाईंनी हातातलं ताट बाजूला ठेवलं. मग सोनाबाईच्या शेजारी खालीच बसल्या आणि म्हणाल्या, भाऊ, एक द्या. त्यांच्यामागे जी रांग लागली मंडळी, ती देवीच्या दर्शनाच्या रांगेत मिसळली. कोण दर्शनाला आणि कोण थालीपिठाला, पुजाऱ्याला कळेना!

दसऱ्याला पोपट आला, दाजींना घेऊन जायला. बघतो तर काय, गाडीला झेंडूचं तोरण. दसऱ्याला कारखान्यात मशीनची पूजा करणारा माणूस आज तव्याची पूजा करतोय, उलथन्याला हळदकुंकू लावतोय. पोपट म्हणाला, दाजी, पिशवी भरली का? गुलाबराव म्हणाले, भरली की, पण ती भाजणीची आहे, जरा आत उचलून ठेव! पोपटनं भाजणी उचलली, काकडी किसली, आणि उपवास नसताना इतकी थालीपिठं खाल्ली की वापीची गाडी चुकली.

आणि सोनाबाईनं देव्हाऱ्यातलं ते ओळखपत्र काढलं का? नाही काढलं. म्हणाली, त्या कंपनीनं इतकी वर्षं माझ्या लेकराला पोसलं, तिचं कुंकू कशाला पुसू? फक्त ते जरा सरकवलं आणि शेजारी उलथनं ठेवलं.

संपलं आख्यान. आता माझ्या प्रश्नाचं काय? वाईट बातमी आधी कुणाला सांगावी? मंडळी, ज्याला सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटते ना, त्याला. आपल्याला वाटतं, तो खचेल. अहो, तो खचणार नाही, आपलीच मान खाली जाईल म्हणून आपण घाबरतो! आणि आपल्या अडचणीचा तोडगा त्याच्याच कोपऱ्यातल्या वेगळ्या पातेल्यात शिजत असतो.

इथं सुद्धा कुणीतरी निळा शर्ट घालून बसलंय. मला दिसतंय, पण मी बोट दाखवणार नाही. आता टाळ वाजतील, आरती होईल, प्रसाद मिळेल. प्रसाद घ्या आणि इकडं तिकडं न थांबता घरी जा. घरचं माणूस जागं असेल, त्याच्याजवळ बसा. आधी त्याच्या ताटात काय आहे ते बघा. आणि मग सांगून टाका.