चौथ्या धुनेतली घाई

मुलांनो, कल्पना करा. पुण्यातल्या एका घरात बारा वर्षांची नजमा फोनपाशी उभी आहे. तिचे अब्बा, हमीदभाई, वरातीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवतात. त्यांनी जॅझची कॅसेट काढली. त्या कॅसेटवर आजच्या पेपरात टीका छापून आली आहे, आणि ते पान नजमाने गादीखाली लपवलं आहे. फोन वाजतो.

“हॅलो?… हो, हमीदभाईंचंच घर. मी त्यांची मुलगी, नजमा… कोण? यज्ञेश्वरकाका? म्हणजे… ते पेपरात लिहिणारे?…

“अब्बा… अब्बा बाहेर गेलेत… तो सॅक्सोफोन? रेडिओ लावलाय… हो, रेडिओवर एकच ओळ पाच वेळा वाजवत नाहीत… घरातच आहेत. पण त्यांना बोलवायला सांगू नका ना. त्यांनी वाचलंच नाही अजून. पान मी लपवलंय…

“हळूच बोलतेय, दार उघडं आहे… मागच्या कॅसेटला तुम्हीच लिहिलं होतं ना, ‘यांना लग्नात ऐकावं, तेही जेवता जेवता’?… त्यानंतर सहा महिने अब्बांनी सॅक्सोफोनची पेटी उघडली नाही. वरातीलाही गेले नाहीत. नुसते बसून असायचे. पुन्हा तसं झालं तर…

“नाही, ऐका ना. चौथ्या धुनेत क्लॅरोनेट दोन मात्रा आधी येते, हमीदमियांचा कान थकला, असं लिहिलंय तुम्ही. त्यांचा कान नाही थकला. क्लॅरोनेटवर मी होते… हो, मीच. घाबरून आधीच फुंकलं…

“नाही, पुन्हा रेकॉर्ड करू दिलं नाही. मी रडले, तरी नाही… म्हणाले, वरातीत घोडा बिचकून पुढे सुटला, तर बँड काय जागेवर उभा राहतो?… सगळे माझ्या मागून आले, काका. अब्बासुद्धा. तिथून पुढे ती धून वेगळीच झालीय…

“हॅलो?… कॅसेट लावलीत? आत्ता?… हो, येतंय ऐकू… हे माझं… आता ड्रम… आता अब्बा…

“कशी वाटली, काका?… त्यांनाच सांगणार? म्हणजे चांगलं की वाईट?… अहो, पण मग त्यांना आधी ते पान वाचावं लागेल… मी नाही देणार. मला भीती वाटते… हो… मीच वाचून दाखवू? आणि मग लगेच तुम्ही त्यांच्याशी बोलणार?… बरं. फोन ठेवू नका हं.”

नजमाने रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला. गादीखालून पान काढलं. आतल्या खोलीत गेली, अब्बांसमोर उभी राहिली, आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागली.