जास्वंदीच्या पानांवरच्या गाठी

हॅलो?… हो गं, ताईच. प्रयोगशाळेतूनच बोलतेय. ये, माझ्याजवळ बसलीयस असं समज आणि चित्त देऊन ऐक. आज तुला एक आख्यान सांगायचंय… काय? पूर्वरंग नको, थेट कथेला ये? बरं बाई.

तू पाठवलेली पानं भिंगाखाली चिरली. हो, तीच, फोडांसारख्या गाठी आलेली… नाही गं, कुरळ्या पानांची नवी जात कसली! कोळी आहेत… अगं, जाळं विणणारा नव्हे! हा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. गाजरासारखं अंग, पुढे चारच पाय. कोवळ्या पानाला टोचतो, आणि… अगं ऐक ना! गाठ तो बांधत नाही, झाड बांधतं. त्यानं नुसती लाळ सोडायची, की झाड आपल्याच अंगाचं घर करून देतं त्याला. आत अंडी, पिल्लं… हो, जिवंत! नुसती वळवळ. देवाची करणी म्हणून हात जोडले मी, पण अंगावर काटा आला.

फवारलंस?… आत पोचतच नाही गं ते.

रडू नकोस… मला का ठाऊक नाही ते झाड कुणाचं? तुझ्या नवऱ्यानं शेवटच्या आजारपणात अंथरुणावर बसून बांधलेलं कलम. सगळी रोपवाटिका त्याच्याच फांद्यांवर उभी केलीस तू… नाही. एकही फांदी ठेवायची नाही… दिसते चांगली, पण तिच्या डोळ्याच्या, न उमललेल्या कोंबाच्या घडीत ते बसलेले असतील. तू मायेनं लावशील, आणि पोसशील त्यांनाच.

…बुंध्यापर्यंत छाटून? एकटं झाड असतं तर हो म्हटलं असतं गं.

थांब. मागे घरघर कसली?… पंखे? काचघरातले?… आणि छाटलेल्या फांद्या?… तिथेच? झटकून ठेवल्यास? अगं, बंद कर! आधी बंद कर, मग बोल! माळीबुवांना हाक मार…

…हं. थांबले?

अगं, वाऱ्याचीच तर वाट बघतात ते! गाठ जुनी झाली की बाहेर येतात, शेपटावर उभे राहतात आणि वाऱ्यावर सोडून देतात स्वतःला… विक्रीची रोपं कुठेत?… पंख्यांसमोर. सगळी?

नाही, रागावले नाही. एक कर, पुढच्या रांगेतलं रोप घे. कोवळ्या पानावरून बोट फिरव… खरखरीत? नीट बघ… शेजारचं?… तेही?

मग हे आजचं नाही, बाई. एवढ्या गाठी यायला आठवडे लागतात. कधीपासून फिरतायत ते पंखे…

काय? काही विकूनही झाली?… कुणी नेली रोपं? शाळेनं?… आणि आईनं? कधी?… तिला मी सांगते. बाकीच्यांना तू फोन कर, आजच. हो, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, माहीत आहे मला. तरी कर. फाटकाला कुलूप घाल. अंगावरचे कपडे बदल. फांदीवर आधी पिशवी चढवायची, मग कापायची, झटकायचं नाही… हो, त्याचं झाडसुद्धा. ते आधी.

मी निघालेच आहे… हात उचलवत नाही म्हणतेस? मग त्याला आठव. आजारी रोप त्यानं कधी कुणाच्या हातात दिलं नाही. तेवढं त्याचं आठव, आणि काप.

ठेवते.