पणजीपासून चालत आलेलं

दवाखान्यात तापलेल्या लेकराला थोपटत बसलेल्या बाईच्या शेजारीच एक आजी आणि तिची लेक कुजबुजत होत्या. लेकीच्या मांडीवर वर्षाची मुलगी स्वतःचाच मोजा चघळत होती.

“हिचा रिपोर्ट आलाय ना, मग आत का बोलवत नाहीत?”

“आई, जरा दम धर.”

“हे काविळीचं हिपॅटायटिस बी मीच दिलं ना गं तुला, जन्मतानाच?”

“आणि तुला तुझ्या आईनं. तेव्हा कुणाला माहीत होतं?”

“मी तर नुसतं खोकल्याचं औषध मागायला आले होते बाई.”

“तुझी आई पोटात पाणी होऊन गेली म्हणालीस, तिथंच डॉक्टरांनी तुझं रक्त तपासलं. मग मला धरून आणलं. ही जन्मली तेव्हा तर स्वतः येऊन उभे राहिले, हिला लागू नये म्हणून लगेच दोन्ही मांड्यांत सुया द्यायला लावल्या.”

“केवढीशी मांडी होती गं ती!”

दार उघडलं. म्हातारे डॉक्टर स्वतःच बाहेर आले आणि वाकून हळूच म्हणाले, “आजी, हिच्या रक्तात काही नाही. लसही छान लागू पडलीय.”

“म्हणजे माझ्या आईपासून चालत आलेलं... हिच्यापाशी थांबलं?”

“थांबलं. पण तुम्ही दोघींनी सहा महिन्यांनी यायचंच, काही दुखत नसलं तरी.”

“येऊ हो. डॉक्टर, आता हिचा पापा घेऊ?”

“अहो, पहिल्या दिवसापासून घ्या म्हणतोय!”

“धीरच झाला नाही.”

शेजारच्या बाईचा थोपटणारा हात थांबला. आजीने दोन्ही तळवे लुगड्याला पुसले आणि नातीपुढे धरले.

“ये गं, माझे बाई.”