पंच क्रमांक दोन

(नाशिकच्या कोर्टाचा व्हरांडा. एका बाकड्यावर घोटीकडच्या वाडीतला सहादू आणि त्याची बायको सुलाबाई. शेजारीण नवसाबाई पाणी आणायला गेलीय.)

सुलाबाई : सरका तिकडं. अख्खं बाकडं एकट्यानं अडवलंय.

सहादू : मी कुठं? तुझी पिशवीच बसलीय मधी, व्याह्यासारखी.

सुलाबाई : भाकरी हायेत तिच्यात. बरं, नवसाबाई येईस्तोवर परत म्हणा. चूक कोणाची?

सहादू : मोटरसायकल उलट्या अंगानं आली.

सुलाबाई : जज्जसाहेबाला ऐकू जायला पायजे.

सहादू : मोठ्यानं कसं म्हणू? नवसाबाईचा दत्तू हाय तो. आपल्या ओट्यावर रांगलेला.

सुलाबाई : मला का ठावं नाय? पण त्याला उडवणारा डंपर सभापतीचा, आणि आपला शेखर त्याच सभापतीच्या खडी क्रशरवर कामाला. काल त्यांचा माणूस काय म्हणला? ‘काका, पंचनाम्यावर सही तुमचीच हाय. नुसतं हो म्हणा.’

सहादू : लय गोड बोलला.

सुलाबाई : बोलणारच. दोनदा चहा ढोसला, वर साखर कमी हाय म्हणला.

सहादू : गावात काय झालं की पंच मीच. चोरी झाली, बोलवा सहादूला. विहिरीत म्हैस पडली, सहादू.

सुलाबाई : मिरवत होता ना? सहीखाली दोन रेघा मारायच्या, अन् वर काय लिवलंय ते बघायचं नाय. गप. आली ती.

नवसाबाई : घ्या भाऊजी, पाणी. हळू प्या, ठसका लागंल. आज घसा बसून कसं चालंल?

सुलाबाई : टेक गं. खाऊन घेऊ.

नवसाबाई : मी खुरासणीची चटणी आणलीय. भाऊजींना आवडती.

सहादू : वहिनी, आज तरी माझ्यासाठी काय आणायचं नव्हतं.

नवसाबाई : का बरं? एका जीपनं आलो, एका जीपनं माघारी जाऊ.

सुलाबाई : तुझ्या वकीलबाई काय म्हणल्या?

नवसाबाई : पोरगी चांगली हाय. माझं नाव तेवढं तीनदा विचारलं. म्हणली, पंचनाम्यात सगळी चूक दत्तूची दावलीय. पंचनामा केला अकरा ते बारा, जागेवर, पंचांसमोर. पंच हो म्हणले की आपल्या हाती काय उरत नाय.

सुलाबाई : मग? तू काय म्हणलीस?

नवसाबाई : काय म्हणणार? पंच आमचे भाऊजीच हायेत म्हणलं.

सहादू : चटणी तिखट झालीय.

सुलाबाई : अजून डबा उघडला नाय, अहो.

नवसाबाई : सुलाबाई, सुनेला सातवा लागला ना? हिरवं लुगडं घेऊन ठेवलंय मी. शेखरला सांग, रविवारची सुट्टी काढ.

सुलाबाई : नवसाबाई, एकदा तरी भांड गं माझ्याशी. चार वर्षं झाली. ओट्यावर उभी राहून शिव्या दे. मला सोपं जाईल.

नवसाबाई : शेखरच्या हातची भाकरी काढून माझा दत्तू उठून बसणार हाय का? तुम्ही काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी इचारलंय का कधी?

सहादू : नाय इचारलं. तेच तर...

नवसाबाई : खा गुमान.

सहादू : अकरा ते बारा म्हणल्या ना, वकीलबाई?

सुलाबाई : अहो.

सहादू : साहेब इचारतील, त्या वक्ताला कुठं होता?

सुलाबाई : इचारू दे. घोकलंय तेवढं म्हणा अन् या.

नवसाबाई : पुकारलं बघा. सहादू गोटीराम, पंच नंबर दोन. जा भाऊजी. पायरी उंच हाय, बघून चढा.

सहादू : सुले, शेखरला काय सांगायचं?

सुलाबाई : त्याला मी सांगते. आई हाय त्याची.

सहादू : आणि साहेबाला?

सुलाबाई : साहेबाला सांगा, त्या वळणावर तुम्ही गेलाच नव्हता. अकरा वाजता आपण तिघं सिव्हिल दवाखान्याच्या फरशीवर बसलो होतो, दत्तूच्या चपला मांडीवर घेऊन. सही तुम्ही सांजच्याला केली, चौकीत.