गच्चीपर्यंत

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या शिवणकामवाल्या मावशींच्या शेजारी दोघी बहिणी येऊन टेकल्या. थोरलीच्या मांडीवर चार महिन्यांचं बाळ होतं आणि धाकटीच्या तोंडाला खळ नव्हता.

"ताई, आज मी गच्चीपर्यंत चढले! तिन्ही मजले!"

"काय सांगतेस! बाळंतपणानंतर पलंगावरून उठवत नव्हतं तुला."

"नर्सबाई म्हणाल्या, औषधं घ्याच, पण आधी नुसते हात वर करा. मग दारापर्यंत चाला. मग रोज दोन पायऱ्या जास्त."

"आणि गच्चीवर काय केलंस?"

"रडले."

"अगं बाई! पुन्हा?"

"तसलं रडणं नाही गं! वारा लागला, छाती धडधडली आणि एकदम कडकडून भूक लागली. कित्येक महिन्यांनी! खाली येऊन उभ्या उभ्याच जेवले. ताई, तू हिला फार जपलंस. आता माझ्याकडे दे."

"आत्ता? हात थरथरतात ना तुझे?"

"बघ की!"

तिने दोन्ही हात पुढे केले. तेवढ्यात मावशींचा नंबर पुकारला, पण त्यांचं बूड काही हलेना.

"धर. हळू हं."

"माझीच लेक आहे, ताई!"